देऊळ फिरलं ते कुणासाठी? एका बहिऱ्या चित्रकाराची गोष्ट

मंडळी, औंढ्याच्या नागनाथाची गोष्ट हिंगोली जिल्ह्यातल्या माणसाला नव्यानं सांगायची गरज नाही. नामदेव महाराज देवळापुढं कीर्तनाला उभे राहिले. पुजाऱ्यांना ते खपलं नाही. त्यांना तिथून उठवलं. महाराज काही भांडले नाहीत, मागच्या बाजूला गेले आणि तिथं कीर्तन सुरू केलं. मग देऊळच फिरलं. ज्याला मागं लोटलं होतं त्याच्या दिशेला देवानं तोंड केलं. औंढ्याला नंदी मागं का, असं कुणी विचारलं की आजही आपले लोक हीच गोष्ट सांगतात. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदं आहेत, त्यांतही हा प्रसंग आहे. म्हणजे कयाधूकाठची ही गोष्ट पंजाबपर्यंत गेली आणि तिथं धर्मग्रंथात जाऊन बसली.

या गोष्टीत एक बारीक मुद्दा आहे, त्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. नामदेवांना मागं लोटलं खरं, पण त्यांच्याजवळ आवाज होता. टाळ होते, अभंग होता, ऐकणारे होते. आता असा माणूस डोळ्यापुढं आणा ज्याला टाळच ऐकू येत नाही. सप्ताह सात दिवस चालतो आणि तो सातही दिवस मांडवात बसून नुसती हलणारी तोंडं बघतो. त्याला कुणी हाकललेलं नाही. उलट पंगतीत सगळ्यात आधी त्यालाच वाढतात. पण आत असूनही तो बाहेरच असतो. त्याच्यासाठी देऊळ कसं फिरायचं?

याचं उत्तर 200 वर्षांपूर्वी एका बहिऱ्या चित्रकारानं दिलं होतं. तो आपल्याकडचा नव्हता, स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहरातला होता. नाव वॉल्टर गीकी. आज त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

*

आधी त्या काळाचा हिशोब समजून घेऊ. बहिऱ्या माणसाला धर्मात आणि कायद्यात जागा किती होती?

युरोपात संत पॉलचं एक वचन फार मानलं जायचं. श्रद्धा ही ऐकण्यातून उपजते, असा त्याचा अर्थ. पॉलला कदाचित एवढंच म्हणायचं असेल की कुणी सांगितल्याशिवाय कळणार कसं. पण पुढं लोकांनी ते अक्षरशः घेतलं. ज्याला ऐकू येत नाही त्याला श्रद्धा नाही, ज्याला श्रद्धा नाही त्याला मुक्ती नाही, असं सरळ गणित मांडून टाकलं. रोमन सम्राट जस्टिनियनच्या कायद्यात जन्मतः बहिऱ्या-मुक्या माणसाला मृत्युपत्र करायचा अधिकार नव्हता.

आपण फार वेगळे होतो असं समजू नका. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारसा कुणाला मिळू नये याची यादी आहे. त्यात जन्मांध आहेत, बहिरे आहेत, मुकेही आहेत. त्यांना पोटापुरतं द्यावं, वाटा देऊ नये, असा निवाडा. हा दंडक पुढं इंग्रजी कोर्टातही हिंदू कायदा म्हणून चालत राहिला. तो काढायला 1928 साल उजाडलं. त्या वर्षी हिंदू वारसा अपात्रता निवारणाचा कायदा झाला, तेव्हा कुठं बहिऱ्या मुलाचा बापाच्या जमिनीवर हक्क लागला. म्हणजे पुरती 100 वर्षंसुद्धा झालेली नाहीत.

अन्न द्या पण वाटा देऊ नका. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

*

गीकीच्या आधी एक मोठा बहिरा चित्रकार युरोपात होऊन गेला होता. हुआन फर्नांदेझ नावारेते. स्पेनमध्ये त्याला सगळे ‘एल मुदो’ म्हणायचे, म्हणजे आपल्या भाषेत ‘मुका’. आपल्याकडंही गावात अशा माणसाचं खरं नाव कुणाच्या ध्यानात नसतं, ‘मुका’ हेच नाव पडतं. दुनिया इथून तिथून सारखीच.

नावारेते साधारण 1526 चा. अगदी लहानपणी ऐकणं गेलं. पोरगं कोळशानं भिंतीवर चित्रं काढतंय हे बघून घरच्यांनी त्याला एका मठात ठेवलं. तिथल्या एका साधूला चित्रकला येत होती, त्यानं याला शिकवलं. पुढं तो इटलीत जाऊन आला आणि 1568 मध्ये थेट राजा दुसरा फिलिप याचा दरबारी चित्रकार झाला. एस्कोरियल म्हणून राजाचा भव्य मठ-राजवाडा तेव्हा उभा राहत होता. तिथल्या वेद्यांसाठी 32 चित्रं काढायचा करार 1576 मध्ये त्याच्याशी झाला.

या करारात एक गमतीची अट होती. चित्रात कुत्री-मांजरं काढायची नाहीत! कारण आधीच्या एका चित्रात यानं येशूच्या पवित्र कुटुंबाच्या पायाशी एकमेकांवर गुरकावणारं कुत्रं आणि मांजर काढून ठेवलं होतं. देवाच्या घरातही कुत्र्या-मांजराची भांडणं असणारच, हे त्याच्या नजरेनं टिपलं होतं. धर्माधिकाऱ्यांना ते रुचलं नाही. 32 पैकी थोडीच चित्रं पुरी झाली आणि 1579 मध्ये तो वारला.

नावारेतेनं धर्माची सेवा केली ती रंगांनी. ज्या धर्मात ‘ऐकल्याशिवाय श्रद्धा नाही’ म्हणत होते, त्याच धर्माच्या सगळ्यात मोठ्या वास्तूत एका न ऐकणाऱ्याची चित्रं लागली आणि लोक त्यांच्यापुढं गुडघे टेकू लागले. पण एक गोष्ट राहिली. ती चित्रं बघणारे सगळे ऐकणारे होते. त्याच्यासारख्या दुसऱ्या बहिऱ्यांना त्यातून काय मिळालं? राजानं एका गुणी माणसाला जवळ केलं, एवढंच. देऊळ होतं तिथंच राहिलं.

*

आता गीकी.

वॉल्टर गीकीचा जन्म नोव्हेंबर 1795 चा. बाप अत्तर-सुगंधी विकणारा साधा दुकानदार. पोराला दोन वर्षं पुरी व्हायच्या आत मोठा ताप आला आणि त्यात कान गेले. बोलणं यायच्या आधीच कान गेले की बोलणंही येत नाही, हे आपल्याकडच्या आईबापांना सांगायला नको.

त्या काळी एडिनबरात बहिऱ्या मुलांना शिकवायची विद्या माहीत होती. टॉमस ब्रेडवुड नावाच्या गृहस्थानं 1760 च्या सुमारास तिथं शाळा काढली होती. पण ती विद्या त्या घराण्यानं गुपित ठेवलेली, आणि फी श्रीमंतांनाच परवडणारी. शिवाय 1783 मध्ये ते सगळं बिऱ्हाड लंडनकडं हललं. मग या दुकानदारानं काय केलं? पोराला स्वतः शिकवायला घेतलं. दोन्ही हातांच्या बोटांनी अक्षरं दाखवायची एक पद्धत आहे, ती घेऊन त्यानं पोराला वाचायला शिकवलं, लिहायला शिकवलं. पुढं 1810 मध्ये गरिबांच्या मुलांसाठीही एडिनबरात बहिऱ्यांची शाळा निघाली. गीकी तिच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी एक. पण तो शाळेत गेला तेव्हा त्याला वाचता येत होतं, ते बापामुळं.

इथं थोडं थांबतो. बहिऱ्या, आंधळ्या माणसात काही कला दिसली की आपण लगेच म्हणतो, देवानं एक काढून घेतलं की दुसरं देतो. बोलायला बरं वाटतं. पण त्यात त्या बापाची मेहनत झाकली जाते. दुकान सांभाळून रोज पोरासमोर बसणं, बोटांनी एकेक अक्षर दाखवणं, त्याला कळेपर्यंत परत परत दाखवणं. गीकीला जे मिळालं ते आभाळातून पडलेलं नव्हतं. कुणीतरी वेळ दिला होता.

1812 मध्ये त्याला एडिनबरातल्या कलाशाळेत प्रवेश मिळाला. 1815 पासून त्याची चित्रं प्रदर्शनात लागू लागली. रंगात मात्र तो कच्चाच राहिला. त्याच्या तैलचित्रांना जाणकार नाकं मुरडायचे. त्याची खरी ताकद रेषेत. पेन्सिल, शाई आणि एचिंग. एचिंग म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, त्यावर सुईनं चित्र ओढायचं आणि पत्रा तेजाबात बुडवायचा. जिथं सुई लागली तिथं तेजाब तांबं खातं. मग त्या रेघांत शाई भरून छाप काढायचे. एका पत्र्यावरून कितीतरी छाप निघतात, म्हणून चित्र श्रीमंताच्या दिवाणखान्यापुरतं राहत नाही.

काढायचा काय? बाजार. मासळीवाल्या बायका, हमाल, भिकारी, फिरते गवई, दारू पिऊन झोकांड्या खाणारा नवरा आणि त्याला घरी ओढून नेणारी बायको. एडिनबरात ग्रासमार्केट नावाचा जुना बाजार आहे, गुरांचा आणि धान्याचा. आपला आठवडी बाजार डोळ्यापुढं आणा, म्हणजे झालं. गीकीचा सगळा वेळ तिथंच जायचा.

त्याचा एक किस्सा सांगतात. ग्रासमार्केटमधल्या एका जाडजूड हमालाचा चेहरा गीकीला फार आवडला. वही काढून तो त्याच्या मागं लागला. हमाल आधी चुकवत राहिला, मग चिडला आणि याच्या अंगावर धावून गेला. गीकी पळत सुटला आणि एका माडीच्या जिन्यात शिरला. खाली हमाल धापा टाकत, शिव्या देत उभा. शिव्या याला ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. जिन्याच्या खिडकीतून यानं त्याच संतापलेल्या चेहऱ्याचं चित्र पुरं केलं!

हसायला येतं, पण त्याची चित्रं बघाल तर एक गोष्ट जाणवेल. तो गरिबांना हसत नाही, त्यांच्यात उभा राहून बघतो. कुणाचा हात कुठं आहे, भुवई कशी वर गेलीय, कोण कुणाकडं झुकून बोलतंय, हे सगळं त्याच्या रेषेत येतं. ज्याला माणसाचं बोलणं त्याच्या अंगावरूनच वाचावं लागतं त्याची नजर अशीच तयार होते. नकला करण्यात तर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मित्रांच्या बैठकीत तो एका शब्दाशिवाय अख्खा बाजार उभा करायचा.

स्कॉटलंडच्या कला अकादमीनं त्याला 1831 मध्ये सहयोगी आणि 1834 मध्ये पूर्ण सभासद करून घेतलं. तिथल्या चित्रकाराला यापेक्षा मोठा मान नव्हता. एवढं मिळाल्यावर दुसरा कुणी असता तर मोठ्या लोकांची पोर्ट्रेट करत बसला असता.

*

गीकी वेगळा ठरतो तो यापुढं.

तो मनापासून धार्मिक होता. दर रविवारी चर्चला जायचं, पण तिथं काय होणार? धर्मगुरू तास-तासभर प्रवचन देतो. स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मूर्ती नाही, चित्र नाही, आरास नाही. सगळा भार बोलल्या शब्दावर. म्हणजे बहिऱ्याला धरून राहावं असं तिथं काहीच नाही. आपल्याकडं निदान डोळ्यांना दर्शन आहे, कळस आहे, पालखी आहे, रिंगण आहे. गीकीपुढं कोरी भिंत आणि हलणारे ओठ.

1830 मध्ये अलेक्झांडर ब्लॅकवुड आणि मॅथ्यू बर्न्स या आपल्यासारख्याच बहिऱ्या साथीदारांबरोबर त्यानं एडिनबरात बहिऱ्यांचीच रविवारची उपासना सुरू केली. प्रवचन करणारा बहिरा, ऐकणारे, म्हणजे बघणारे, तेही बहिरे. भाषा हातांची. बहिऱ्यांनी स्वतः उभ्या केलेल्या जगातल्या अगदी पहिल्या धर्ममंडळींत तिची गणना होते.

याचं महत्त्व कळायला एक तुलना करू. त्याआधी पॅरिसमध्ये आबे द लेपे नावाच्या फ्रेंच पाद्र्यानं बहिऱ्या मुलांसाठी मोफत शाळा काढली होती. दोन बहिऱ्या बहिणी त्याच्या बघण्यात आल्या, या पोरी धर्माशिवाय मरतील म्हणून त्याचा जीव कळवळला आणि तो त्यांच्याकडून खुणा शिकला. माणूस फार मोठा. पण तिथं शिकवणारा ऐकणारा होता आणि शिकणारे बहिरे. एडिनबरात मधला माणूसच गेला. ‘तुमच्यासाठी’ संपलं आणि ‘आपण’ सुरू झालं.

मिशन हा शब्द आला की आपल्याकडं कान टवकारतात. धर्मांतर आठवतं, वाद आठवतात. गीकीचं मिशन तसलं नव्हतं. तो कुणाचा धर्म बदलायला निघाला नव्हता. ज्या धर्मात ती माणसं जन्मली होती त्याच्या दारातच ती उभी होती. त्यांना आत न्यायचं, एवढंच काम.

आता योगायोग बघा. याच सुमारास, 1828 मध्ये, जॉन विल्सन नावाचा एडिनबराच्या विद्यापीठात शिकलेला तरुण मिशनरी बोटीत बसला आणि 1829 मध्ये मुंबईला उतरला. गिरगाव चौपाटीवरचं विल्सन कॉलेज त्याच्याच नावाचं. मुंबईत त्याचे आणि मोरभट दांडेकरांचे धर्मावर जाहीर वाद झाले. त्यातून दोन्ही बाजूंनी पुस्तकं निघाली. मराठी सार्वजनिक वादाच्या इतिहासातला तो पहिल्या फळीतला अध्याय. म्हणजे एकाच शहरातून, एकाच काळात दोन कामं निघाली. एक मुंबईत येऊन भाषणांनी आणि छापखान्यांनी गाजलं. दुसरं एडिनबरातच एका खोलीत, अजिबात आवाज न करता चालू राहिलं. पहिल्याबद्दल आपल्या पाठ्यपुस्तकांत वाचायला मिळतं. दुसऱ्याचं नाव आपण ऐकलेलं नसतं.

चित्रकार गीकी आणि प्रवचनकार गीकी ही दोन वेगळी माणसं होती असं मला वाटत नाही. बाजारात उभं राहून माणसाचे हात आणि चेहरा वाचायची सवय, तीच सवय रविवारी त्याच्या स्वतःच्या हातांत उतरत असणार. खुणांच्या भाषेत नुसते हात नसतात. भुवया, खांदे, नजर, शरीराचा झोक, सगळं बोलतं. एखादी गोष्ट सांगायची तर तिच्यातली चार पात्रं एकट्यानं उभी करावी लागतात. आपले कीर्तनकार हेच तर करतात! उत्तररंगात आख्यान लावलं की एकटे बुवाच राजा होतात आणि भिकारीही. गीकी आपल्याकडं जन्मला असता तर बिनआवाजाचा कीर्तनकार झाला असता, असं मी म्हणेन.

1 ऑगस्ट 1837 रोजी तो गेला. वय अवघं 41. ग्रासमार्केटला लागूनच असलेल्या ग्रेफ्रायर्सच्या दफनभूमीत त्याला ठेवलं. त्याच्या एचिंग्जचा मोठा संग्रह पुढं 1841 मध्ये सर टॉमस डिक लॉडर यांच्या मजकुरासह निघाला.

*

त्याच्यामागं हे काम विझलं नाही. स्कॉटलंडमध्येच, ग्लासगो शहरात, विल्यम ॲग्न्यू नावाचा आणखी एक बहिरा चित्रकार झाला. 1846 चा जन्म. ग्लासगोच्या बहिऱ्यांच्या मिशनला स्वतःची इमारत हवी होती आणि पैसा नव्हता. ॲग्न्यूनं एक चित्र काढलं. व्हिक्टोरिया राणी आयल ऑफ वाइट बेटावर एका आजारी बहिऱ्या बाईच्या खाटेशी बसलीय आणि तिच्याशी बोटांच्या अक्षरांनी बोलतेय. प्रसंग खरा होता. राणीला बोटांची ती लिपी येत होती. या चित्राच्या जोरावर त्यानं मिशनसाठी निधी उभा केला.

आपल्याकडं तेव्हा याच राणीचं राज्य होतं, त्यामुळं हे चित्र मला वेगळ्या कारणानं महत्त्वाचं वाटतं. राणीनं बाईला दान दिलं असं त्यात नाही. राणीनं तिची भाषा वापरली असं आहे. अन्न आणि वाटा यांतला फरक तो हाच.

पण नेमकी याच काळात वाऱ्यानं दिशा बदलली. 1880 मध्ये इटलीत मिलान शहरी बहिऱ्यांच्या शिक्षणावर जागतिक परिषद भरली. 164 प्रतिनिधींत बहिरा माणूस एकच. तिथं ठराव झाला की शाळांत खुणा नकोत. ओठ वाचायला आणि तोंडानं बोलायला शिकवा. पुढची जवळजवळ 100 वर्षं शाळाशाळांत पोरांना हात हलवायची बंदी झाली. ही चूक झाली असं जाहीर कबूल करायला 2010 साल उजाडलं. त्या वर्षी कॅनडात व्हँकुव्हरला भरलेल्या परिषदेनं मिलानच्या ठरावांबद्दल खेद व्यक्त केला.

भारतातल्या शाळा त्याच वाऱ्यात जन्मल्या. आपल्या देशातली बहिऱ्या मुलांची पहिली शाळा मुंबईत 1885 च्या सुमारास निघाली. ती काढली कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांनी. म्हणजे आपल्याकडंही सुरुवात मिशनचीच. 1893 मध्ये कलकत्त्याची शाळा निघाली. या लोकांचे उपकार मोठे, यात वाद नाही. पण बहिऱ्यांनी बहिऱ्यांसाठी काढलेली गीकीसारखी गोष्ट आपल्या वाट्याला फार उशिरा आली.

*

आपल्या देशातला सगळ्यात नामवंत बहिरा चित्रकार म्हणजे सतीश गुजराल. 1925 चा जन्म, झेलमचा. आठव्या वर्षी काश्मीरमध्ये अपघात झाला, पाय जायबंदी झाला आणि ऐकणंही गेलं. लाहोरच्या कलाशाळेत शिकून 1944 मध्ये ते मुंबईला जे. जे. मध्ये आले. फाळणीत रडणारी, कोसळणारी माणसं त्यांनी रंगवली, ती चित्रं अजूनही अंगावर येतात. पुढं मेक्सिकोत शिकले, दिल्लीतली बेल्जियमच्या वकिलातीची इमारत त्यांच्याच कल्पनेतली. 1999 मध्ये पद्मविभूषण. त्यांचे थोरले भाऊ इंद्रकुमार गुजराल देशाचे पंतप्रधान झाले. सतीश गुजराल 2020 मध्ये गेले.

गुजराल यांच्याकडं बघून आपण टाळ्या वाजवतो. वाजवाव्यातच. पण त्यांच्या मागं शिकलेलं घर होतं, साधनं होती. असा एखादा नावारेते, एखादा गुजराल वर निघून जातो आणि आपल्याला वाटतं, बघा, मनात आणलं तर काहीही होतं. गीकीचं म्हणणं वेगळं होतं. एकट्यानं वर जाण्यात काय, सगळ्यांसाठी एक खोली तरी उघडा.

*

आता आपल्या जिल्ह्याकडं येऊ, कारण हे सगळं लिहायचं कारण तेच आहे.

2011 च्या जनगणनेत देशात ऐकण्याचं अपंगत्व असलेली माणसं 50 लाखांवर नोंदली गेली. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव, औंढा, कुठल्याही तालुक्यातलं गाव घ्या, एक-दोन घरं निघतीलच. त्यांतला एखादा पोळ्याला बैलांची शिंगं रंगवण्यात गावात पहिला असतो. एखादा दुकानांच्या पाट्या रंगवतो, गणपतीला डोळे काढतो. आपण कौतुक करतो, चहा पाजतो. पण त्याच्याशी पाच मिनिटं बोलायचं म्हटलं तर आपल्याला त्याची भाषा येत नाही. घरातल्यांनाही दहा-वीस खुणा येतात, जेव, झोप, चल, पैसे. त्यापलीकडं त्याच्या मनात काय चाललंय, देवाबद्दल त्याचं काय म्हणणं आहे, कुणी विचारलेलं नसतं.

कायद्यानं आता बरंच दिलंय. 2015 मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेची राष्ट्रीय संस्था सुरू झाली. तिनं 10 हजार शब्दांचा कोश तयार केलाय, त्याचे व्हिडिओ मोबाईलवर फुकट बघायला मिळतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांकेतिक भाषेला जागा आहे. 2021 मध्ये तिला शाळेतल्या भाषाविषयाचा दर्जा द्यायचं जाहीर झालं. कागद आहे. तो गावात उतरायचा राहिलाय.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवतो. यातल्या एकीलाही मोठा निधी लागत नाही.

एक. गावात सप्ताह असेल तेव्हा कीर्तनकाराच्या शेजारी खुणा करणारा एक माणूस उभा करा. जिल्ह्यात बहिऱ्या मुलांना शिकवणारे शिक्षक आहेत, त्यांना सन्मानानं बोलवा. सातही दिवस जमत नसेल तर काल्याच्या कीर्तनाला तरी. आणि बहिऱ्या मंडळींना मागं खांबाआड बसवू नका, पुढं बसवा, त्यांना हात आणि चेहरा दिसला पाहिजे.

दोन. ग्रामसभेतही तेच. घरकुल, पेन्शन, रेशन, सगळे निर्णय बोलून होतात. ज्याला ऐकू येत नाही त्याची सही किंवा अंगठा घेतला म्हणजे त्याला विचारलं असं होत नाही.

तीन. लहान मूल हाकेला वळून बघत नसेल तर ‘उशिरा बोलेल’ म्हणून वाट बघू नका. लगेच तपासणी करा. आणि निदान काहीही येवो, यंत्र मिळो न मिळो, पहिल्या दिवसापासून त्याच्याशी हातांनी बोलायला लागा. खुणा केल्या तर पोरगं बोलायचं नाही, ही भीती मिलानची आहे, आपली नाही. गीकीच्या बापानं 200 वर्षांपूर्वी दुकानात बसून जे केलं, ते आज हातातल्या मोबाईलवर व्हिडिओ बघून करता येतं.

चार. शाळेत चित्रकलेचा तास खाऊ नका. काही पोरांचं सगळं बोलणं त्या एका तासात असतं.

नामदेव महाराजांनी कीर्तन पंजाबपर्यंत नेलं. भाषा वेगळी, मुलूख वेगळा, तरी ते तिथल्या लोकांच्या बोलीत बोलले, म्हणून घुमानला आजही त्यांचं नाव घेतात. आपल्या नरसीच्या माणसानं एवढं केलं. आपल्याला तर शेजारच्या घरात बसलेल्या एका माणसाची भाषा शिकायची आहे. येत्या सप्ताहाची बैठक तुमच्या गावात कधी आहे? तिथं हा विषय काढा. आणि कुणी काढला, काय ठरलं, ते इथं खाली जरूर लिहा. दुसऱ्या गावांना वाट सापडेल.